कासवी आणि कारवी : एका अक्षराचा भेद

एका आंतरमहाविद्यालयीन ललितनिबंध स्पर्धेचे परीक्षण करण्याची वेळ मध्यंतरी माझ्यावर आली. विषय खुला होता. पहिले पारितोषिक ज्या निबंधाला मिळाले त्याचे शीर्षक होते ‘दोन माता’. त्यातली एक माता म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले जातीची कासवी. दुसरी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर सात वर्षांनी एकदाच फुलणारी आणि फुलून झाल्यावर मरणारी कारवी.

निबंध नेटका होता. भाषा स्वच्छ, परिच्छेदांची बांधणी घट्ट. कासवी रात्री किनाऱ्यावर येते ती ‘माहेरी’ येते. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहतात. मग ती स्थितप्रज्ञाप्रमाणे आपली गात्रे आवरून समुद्रात निघून जाते आणि दूरवरून नुसत्या दृष्टीने पिल्लांचे पोषण करते. कारवी मात्र कुठे जात नाही. ती लेकरांसाठी सात वर्षे रक्त आटवते आणि त्यांना जन्म देऊन प्राण सोडते. शेवटी प्रश्न होता : या दोघींतली थोर आई कोणती? उत्तर अर्थातच कारवी. आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने या निबंधाला पहिला क्रमांक दिला. निकालपत्रावर माझीही सही आहे.

पारितोषिक-वितरणानंतर चहाच्या वेळी घाटमाथ्यावरच्या एका वाडीतून आलेला विद्यार्थी जवळ आला. म्हणाला, ‘‘मॅडम, निबंध छान होता. पण कारवी फुलली की आमच्याकडे आधी कुडाची काळजी लागते. एकदा सगळी मेली की पुढची काही वर्षं भिंतीला काठी जवळ मिळत नाही, लांबून आणावी लागते.’’ त्यानेही स्पर्धेत भाग घेतला होता. विषय घेतला होता ‘मोबाइल : शाप की वरदान’. कारवीवर का लिहिले नाहीस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘ते साहित्यात बसेल असं वाटलं नाही.’’

प्रस्तुत लेख त्या निबंधकर्त्रीविरुद्ध नाही. आम्ही तिला जे शिकवले तेच तिने लिहिले, आणि चांगले लिहिले. हा लेख मराठी शिकवणाऱ्या आपल्या सर्वांविरुद्ध आहे, कारण ज्याच्या घराच्या भिंती कारवीच्या आहेत त्याला ती साहित्याबाहेरची वाटावी आणि जिने ती लांबून पाहिली तिला ती ‘माता’ म्हणून सहज वापरता यावी, ही व्यवस्था आपण उभी केली आहे.

आधी कासवीकडे पाहू. निबंधातल्या चारही गोष्टी तपासण्यासारख्या आहेत.

अश्रू. सागरी कासवाच्या डोळ्यांजवळ क्षारग्रंथी असतात. समुद्राचे पाणी आणि त्यातले खाद्य यांबरोबर शरीरात जाणारे जादा मीठ या ग्रंथींतून बाहेर पडते. हा स्राव पाण्यातही चालू असतो. तिथे तो आपल्याला दिसत नाही एवढेच. वाळूवर तो दिसतो, आणि वाळूवर ती फक्त अंडी घालायला येते, म्हणून आपण त्याचा संबंध प्रसूतीशी जोडतो.

आवरलेली गात्रे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सर्व बाजूंनी अंग आवरून घेणारा कूर्म स्थितप्रज्ञाचा दृष्टान्त म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो दृष्टान्त गोड्या पाण्यातल्या किंवा जमिनीवरच्या कासवाला शोभतो. सागरी कासवाला डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. पोहण्याच्या सोयीसाठी त्याचे शरीर असे घडले आहे की संकटात ‘आत’ जाण्याचा मार्ग त्याला उरलेला नाही. म्हणजे ज्या प्राण्याला आवरून घेता येत नाही, त्यालाच आपण आवरून घेण्याचे प्रतीक केले.

दृष्टी. कासवी पिल्लांना दृष्टीने वाढवते, ही कल्पना आपल्या संतवाङ्मयात ठिकठिकाणी आहे. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते. इथे एवढेच की ऑलिव्ह रिडले मादी मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंग डावी-उजवीकडे आपटून ती दाबून बसवते आणि समुद्रात परतते. पिल्ले बाहेर येतात ती साधारण पन्नास दिवसांनी. त्या वेळी ती तिथे नसते. पिल्लू नर होणार की मादी हे ठरते वाळूच्या तापमानावर : वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. आईच्या नजरेचे काम इथे वाळू करते.

माहेर. हे रूपक वृत्तपत्रांनीही उचलले आहे. कोकणात कासवांचा हंगाम सुरू झाला की ‘माहेरवाशिणी आल्या’ असे मथळे दिसू लागतात. सागरी कासवांच्या माद्यांत जन्मस्थानाच्या परिसरात परत येण्याची प्रवृत्ती असते, हे खरे. त्यामुळे रूपकाला थोडा आधार आहे. पण २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या आरंभी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ साली गुहागरला उपग्रह-यंत्र बसवलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. म्हणजे देशाच्या दोन्ही किनाऱ्यांशी नाते ठेवणारी कासवे आहेत. दोन समुद्रांवर दोन माहेरे असलेली सासुरवाशीण मराठी साहित्यात अजून जन्माला यायची आहे. ती जन्माला आली तर मला आनंदच होईल. पण मथळ्यातले माहेर तिला पुरणार नाही.

आता कारवी. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. अडुळसा आणि कोरांटी ज्या कुळातल्या त्याच कुळातली. पावसाळ्यात सह्याद्रीचे उतार खरखरीत मोठ्या पानांनी झाकून टाकणारे, पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारे हे झुडूप. साधारण सात वर्षे, काही भागांत आठ वर्षे, ते नुसते वाढते. मग एका वर्षी पावसाच्या उत्तरार्धात त्या भागातली सगळी कारवी एकदम जांभळी होते, फळते आणि वाळून मरते. सगळ्या सह्याद्रीचे वर्ष एक नसते. या डोंगराचे एक, पलीकडच्या डोंगराचे दुसरे. मेलेल्या काठ्यांवर वाळलेली बोंडे पुढच्या पावसापर्यंत टिकून राहतात. पहिल्या सरीची ओल लागली की ती आवाज करून फुटतात आणि बी उडते.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मेल्यानंतरही बी अंगावर धरून पावसाची वाट पाहणारी काठी ही प्रतिमा निबंधातल्या ‘प्राण सोडते’पेक्षा कितीतरी अधिक हलवणारी आहे. म्हणजे मातृत्वाचेच रूपक हवे असते, तरी ते वस्तुस्थितीत अधिक बळकट सापडले असते. पण वस्तुस्थितीपर्यंत कोणी गेलेच नाही. मुद्दा रूपक चूक की बरोबर एवढाच नाही. ते फुकट मिळाले होते, हा मुद्दा आहे.

फुकट कुठून मिळाले? माझे उत्तर काहीसे विचित्र वाटेल : व्याकरणातून. कारवीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणजे त्याग करणारी असलीच तर ती जितकी आई तितकाच बाप आहे. पण मराठीत ‘कारवी’ हा शब्द स्त्रीलिंगी. तेवढ्यावर ती ‘ती’ झाली, ‘ती’ची ‘आई’ झाली आणि आईचा ‘त्याग’ झाला. उलट बांबूकडे पाहा. त्याच्याही अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि मरतात. पण ‘बांबू’ पुल्लिंगी, ‘कळक’ही पुल्लिंगी. कळकाला त्यागमूर्ती पिता म्हटलेले माझ्या वाचनात नाही. कळक फुलला की दुष्काळ येतो, असे लोक म्हणत आले. तीच जीवनरीत, तेच मरण. शब्द स्त्रीलिंगी असला की वात्सल्य आणि पुल्लिंगी असला की अपशकुन. ‘कासव’ हा शब्द तर नपुंसकलिंगी. त्याला ‘कासवी’ केल्याशिवाय त्या निबंधाचे पहिले वाक्यच लिहिता आले नसते.

आणि ‘कासवी’ केल्याबरोबर ‘कारवी’ शेजारी येऊन उभी राहिली. मला दाट संशय आहे की या तुलनेचे मूळ ना समुद्रात आहे ना सह्याद्रीत. ते या दोन शब्दांच्या नादात आहे. मधल्या एका अक्षराचा तेवढा भेद. यमकाने दोन जीव एकत्र आणले आणि लिंगाने त्यांचे नाते ठरवले. यात तुलना करणाऱ्या व्यक्तीने करायचे असे काही उरलेच नव्हते.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण माझ्या सहकाऱ्यांनी तो घेतला आहे. कवीने आधी प्राणिशास्त्राची पदविका घ्यावी आणि मग उपमा द्यावी काय? चकोर चांदणे पितो म्हणणाऱ्याला आपण पक्षिशास्त्राचा दाखला मागतो काय? आणि शेवटी संतांचे काय? त्यांनीच कासवीची दृष्टी आपल्याला दिली. त्यांनाही आता चुकीची दुरुस्ती पाठवायची?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच काव्यशास्त्रात आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा केली आहे. लोकात किंवा शास्त्रात तसे नसूनही कविपरंपरेने मान्य केलेल्या गोष्टी म्हणजे कविसमय. चकोराचे चांदणे, हंसाचा नीरक्षीरविवेक हे त्यातले. कासवीची दृष्टीही मी त्यातच धरते. ज्ञानेश्वर किंवा तुकाराम कासवीविषयी काही सांगत नव्हते. ते देव आणि भक्त यांच्याविषयी सांगत होते : दूर असूनही न तुटणाऱ्या कृपेविषयी. तिथे कृपा हे उपमेय आहे आणि कासवी उपमान. तो अभंग ऐकून कोणी किनाऱ्यावर कासव पाहायला जात नव्हते. ऐकणारा स्वतःच्या देवाकडे जात होता. त्या कासवीवर वस्तुस्थितीची अट लादणे हा अडाणीपणा आहे, आणि तो मी करणार नाही.

आजच्या निसर्गललितात मात्र जागा बदललेल्या आहेत. निबंधकर्त्री वेळासला गेली होती, तिने पिल्ले पाण्याकडे जाताना पाहिली होती, आणि तिला कासवाविषयीच सांगायचे होते. म्हणजे कासव उपमेय झाले आणि उपमान झाली आई. ज्याच्याविषयी बोलायचे ते उपमेय. त्याच्याशी इमान राखणे ही उपमेची पहिली अट. संतांच्या कासवीला सत्याची अट नव्हती, कारण ती उपमान होती. निबंधातल्या कासवाला ती आहे, कारण ते उपमेय आहे. ही साधी अदलाबदल आपण वर्गात कधी दाखवून देत नाही. त्यामुळे विद्यार्थी संतांचे उपमान उचलतात, ते समोरच्या प्राण्यावर चिकटवतात, आणि आपण त्याला ‘परंपरेशी नाते’ असा शेरा देतो.

दुसरेही एक विस्मरण आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदाचाही उल्लेख केला आहे : दोन वस्तू भिन्न असताना त्यांत असलेले साधर्म्य म्हणजे उपमा. आपण ही व्याख्या शिकवतो, पाठही करून घेतो, पण प्रश्नपत्रिकेत विचारतो ते फक्त साधारण धर्म. भेद गृहीत धरून आपण तो विसरतो. वास्तविक भेद हा उपमेचा अर्धा अर्थ आहे. भेद पुसला की दोन वस्तू एकमेकींवर प्रकाश टाकण्याऐवजी एकाच ठशाच्या दोन प्रती होतात. ‘दोन माता’मध्ये नेमके हेच झाले.

मग या दोन जीवांची तुलना करूच नये काय? उलट, ती जरूर करावी. यमकाने नकळत एक खरे साधर्म्य दाखवले आहे. निबंध त्याच्या शेजारून निघून गेला.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या नदीचे मुख या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या काही रात्रींत हजारोंनी, लाखोंनी एकदम येतात. २०२५ च्या फेब्रुवारीत ऋषिकुल्येला अशी सुमारे सात लाख घरटी झाल्याची नोंद आहे. या सामूहिक आगमनाला स्पॅनिश भाषेतला ‘आरिबादा’ हा शब्द जगभर रूढ आहे. त्याचा अर्थ नुसता ‘आगमन’. इतकी अंडी एकदम आली की कोल्हे, कुत्री, पक्षी, खेकडे यांनी पोटभर खाऊनही बरीच उरतात. वर्षभर थोडीथोडी घातली असती तर खाणाऱ्यांचे पोट कधीच भरले नसते. वनस्पतींतही हेच घडते. डॅनियल जॅन्झेन या परिस्थितिकी-अभ्यासकाने १९७६ साली बांबू इतकी वर्षे थांबून एकदम का फुलतात यावर एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्यातले मुख्य उत्तर हेच : बी खाणाऱ्यांना वर्षानुवर्षे उपाशी ठेवायचे आणि मग एकदम इतके द्यायचे की त्यांना ते संपवता येऊ नये. सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात असे नाही. पण सात वर्षे गप्प राहून एकदम जांभळ्या होणाऱ्या डोंगराकडे पाहताना हे उत्तर विसरता येत नाही.

म्हणजे कासव आणि कारवी यांचे साधर्म्य मातृत्वात नसून गर्दीत आहे. एकेका जीवाला इथे किंमत नाही. किंमत आहे ती सगळ्यांनी एकाच वेळी येण्याला. पिल्लांचेही तसेच : वाळूखाली ती एकमेकांच्या हालचालींनी जागी होतात, एकत्र वाळू उकरत वर येतात आणि घोळक्याने पाण्याकडे धावतात. एकटे पिल्लू बहुधा हरते. ही कल्पना आपल्या ललित लेखनाला पचत नाही. आपले ललित एका नायिकेवर चालते. एकटी आई, एकटे झाड, एकटा पक्षी. गर्दी म्हटली की आपल्याला बाजार आठवतो किंवा वारी. पण वारीतही प्रत्येकाला नाव आणि घर असते. जिथे व्यक्तीला अर्थ नाही आणि समूहाला आहे, अशा अस्तित्वासाठी आपल्याजवळ प्रतिमा नाहीत. नव्या लेखकाने काम करावे अशी ही जागा आहे. तिथे आपण त्याला आईची तयार प्रतिमा देऊन परत पाठवतो.

आणि आता भेद. आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडले लाखोंनी येत नाहीत; एकेकट्या, वेगवेगळ्या रात्री येतात. म्हणजे ज्या साधर्म्याचे मी वर वर्णन केले ते ओडिशाच्या किनाऱ्यावर लागू पडते, आणि निबंधकर्त्रीने पाहिलेल्या वेळासला पडत नाही. एकाच जातीच्या दोन रीती. गर्दीचा आश्रय नसलेली ती एकटी मादी काय करते, तिच्या अंड्यांचे काय होते, हा खरा कोकणी प्रश्न आहे. दुसरा भेद मरणाचा. कारवी एकदाच फळते. कासव वर्षानुवर्षे येते, एका हंगामातही एकाहून अधिक वेळा येऊ शकते. एकीने सगळी पुंजी एका डावावर लावली आहे, दुसरीने ती अनेक डावांत वाटली आहे. यांत थोर कोण, हा प्रश्न पोरकट आहे. कोणत्या परिस्थितीत कोणता डाव टिकतो, हा प्रश्न मोठ्या माणसांचा आहे. तिसरा भेद आपल्याला अधिक अडचणीत टाकणारा : कारवी पळू शकत नाही. कासव एका समुद्रातून दुसऱ्यात जाते, तेव्हा दोन राज्ये, ट्रॉलर, उपग्रह, बातमीदार सगळे त्याच्यामागे असतात. कारवी डोंगरावर उभी असते, आणि रस्ता रुंद करताना तो उतार कापला तर त्याची बातमी होत नाही.

हा फरक कायद्यातही उमटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सागरी कासवांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात, स्थान आहे. वनस्पतींसाठी त्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले ते १९९१ च्या दुरुस्तीने, आणि अनुसूचीत नावे होती फक्त सहा. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी वाढली. कारवीची दक्षिणेकडची नातेवाईक, बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी, तेव्हा तीत आली. कारवीला अशा संरक्षणाची निकड आहे असा माझा दावा नाही. ती अजून मुबलक आहे. पण गर्दीवर जगणारी जात शेवटचा जीव मरेपर्यंत सुरक्षित नसते. गर्दी विरळ होऊ लागली की तिचे गणित आधीच बिघडते. ‘एकटी आई’ या प्रतिमेला हे कधी दिसणार नाही, कारण त्या प्रतिमेसाठी एक झुडूप पुरते, एक कासव पुरते. ते एक जिवंत असले की प्रतिमा सुखरूप.

या प्रतिमेने आणखी कोणाला झाकले? माणसांना. कासवाची अंडी किनाऱ्यावरची माणसे पूर्वी उकरून नेत, खात, विकत. वेळासला २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. अंडी कुठे सापडतात हे ज्यांना अचूक ठाऊक होते, त्यांचेच ज्ञान राखणीला उपयोगी पडले. गावाने आपल्या सवयीशी केलेला हा झगडा कथा-कादंबरीच्या तोलाचा आहे. ‘माहेरवाशीण आली’ म्हटले की तो नाहीसा होतो. माहेरी आलेल्या लेकीची अंडी कोणी खात नाही. त्यामुळे रूपक टिकवायचे तर तो इतिहास वगळावाच लागतो. कारवीचेही तेच. तिच्या काठ्यांचे कुड, त्यावर शेणमातीचे लिंपण, ती फुलली की येणारा मध, ती मेली की मिळणारे सरपण आणि काठीची टंचाई हे सगळे ‘त्यागमूर्ती’त बसत नाही, कारण त्यागमूर्तीचा कोणी घरासाठी कूड करत नाही.

आपल्याकडे याहून वेगळी वाट नव्हती असे नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. त्यात भावना कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती भावना पाहण्यातून येते. झाड कोणते, ते कोणत्या महिन्यात काय करते हे ठाऊक असल्यावर येते. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, कारण वस्तूला नाव असल्याशिवाय ती वाक्यात येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. या दोघांना आपण अभ्यासक्रमात ठेवतो आणि त्यांच्यावर प्रश्न काढतो : ‘लेखकाचे निसर्गप्रेम स्पष्ट करा.’ त्यांचे निसर्गज्ञान स्पष्ट करायला आपण कधी सांगत नाही, बहुधा उत्तर तपासण्याची आपली तयारी नसते म्हणून.

म्हणून माझे म्हणणे अगदी व्यावहारिक आहे. अलंकाराच्या प्रश्नात साधारण धर्म विचारला की त्याच्याच गुणांइतका भेद विचारावा. निसर्गललित तपासताना उपमेय कोणते आणि उपमान कोणते, हे विद्यार्थ्याने आधी ठरवले आहे की नाही ते पाहावे. जिथे वनस्पतीला किंवा प्राण्याला आई, बहीण, सासुरवाशीण म्हटले असेल तिथे तो शब्द मराठीत पुल्लिंगी असता तर हे वाक्य सुचले असते का, एवढे समासात लिहावे. आणि निबंधासाठी विषय देताना एक सूचना घालावी : आपल्या घरात, वाडीत, बंदरावर जी वस्तू हाताळली आहे तिच्यावर लिहा, ती साहित्यात बसते की नाही याची काळजी परीक्षकांवर सोडा.

‘दोन माता’चे पारितोषिक परत घ्यावे असे मी म्हणणार नाही. निबंधकर्त्रीशी नंतर माझे बोलणे झाले. क्षारग्रंथींविषयी सांगितले तेव्हा ती क्षणभर हिरमुसली आणि मग तिने विचारले, ‘‘मग अंडी घालताना तिला काय वाटत असेल?’’ हा प्रश्न तिच्या सबंध निबंधापेक्षा चांगला होता, आणि तो तिला अश्रू काढून घेतल्यावर सुचला.

वाडीतल्या त्या विद्यार्थ्यालाही मी कुडावर लिहायला सांगितले. तो ‘हो’ म्हणाला. त्याने अजून लिहिलेले नाही. त्याने का लिहावे याचे कारण आपल्या गुणपत्रिकेत त्याला अजून तरी दिसलेले नाही.